मण्यार ओळखायला शिकवणारे पुस्तक

गेल्या पावसाळ्यात, धानाच्या रोवणीची धांदल चालू असताना, आमच्या वाचनालयात पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा लोणच्याच्या रिकाम्या बरणीत मेलेला साप घेऊन आला. साप रात्री घरात निघाला होता आणि त्याच्या काकाने तो काठीने मारला होता. आजीचे म्हणणे ती मण्यार होती, काकाचे म्हणणे नव्हती, आणि शाळेतल्या गुरुजींनी सांगितले होते की वाचनालयात प्राण्यांच्या पुस्तकांचे अख्खे कपाट आहे, तिथे जाऊन बघ. कपाट खरोखरच आहे. संध्याकाळी दोन तास मी त्या वाचनालयात बसतो, त्यामुळे ते मला तोंडपाठ आहे. अरण्यातील अनुभव, शिकारकथा, पक्ष्यांवरील ललित लेख, वाघांच्या छायाचित्रांचे एक महागडे पुस्तक, आफ्रिकेतील सिंहांवरचे एक भाषांतर, अशी चाळीसेक पुस्तके तेथे आहेत. मुलाने बरणी टेबलावर ठेवली आणि आम्ही दोघे एकेक पुस्तक काढून चाळू लागलो. अर्ध्या तासाने लक्षात आले की त्या बरणीशेजारी उघडून ठेवता येईल असे एकही पान त्या कपाटात नव्हते. सापांवरची एक जुनी पुस्तिका निघाली, पण तिची छपाई इतकी काळवंडलेली होती की चित्रातला साप कोणता आणि सावली कोणती हे सांगणे कठीण होते.

अखेर जे काही सांगायचे ते मला स्वतःच्या माहितीवर सांगावे लागले. बरणीतला साप तपकिरी होता. त्याच्या अंगावरचे पिवळसर पांढरे पट्टे मानेपासूनच सुरू होत होते आणि शेपटीकडे जाताजाता फिके होऊन विरून गेले होते. मण्यारीचे नेमके याच्या उलट असते. तिचा रंग निळसर काळा आणि चकचकीत असतो, पांढरे बारीक पट्टे बहुधा जोडीजोडीने येतात, डोक्यामागची काही अंतराची जागा बहुतेक मोकळी असते आणि शेपटीकडे पट्टे अधिक ठसठशीत होत जातात. शिवाय मण्यारीच्या पाठीच्या मधोमध षट्कोनी आकाराच्या मोठ्या खवल्यांची एक सलग ओळ असते. ती एकदा पाहिली की माणूस विसरत नाही. बरणीतल्या सापाच्या पाठीवर तशी ओळ नव्हती. तो कवड्या होता. पालींच्या मागे भिंतीवर चढणारा, रात्री हिंडणारा आणि माणसाच्या जिवाला कसलाही धोका नसलेला हा साप मण्यारीसारखा दिसतो एवढ्याच कारणासाठी गावोगाव मारला जातो. मुलगा गप्प झाला. मग त्याने विचारले, “मग खरी मण्यार कशी दिसते, ते कुठं पाहायला मिळेल?”

प्राणी आणि निसर्ग यांवरील मराठी पुस्तकांविषयी मला जे म्हणायचे आहे ते सगळे या एका प्रश्नात आले आहे. रानावर प्रेम कसे करावे हे मराठी निसर्गलेखनाने आपल्याला उत्तम शिकवले. ज्यांच्या अंगणातच रान सुरू होते त्यांना त्या रानातल्या जिवांची नेमकी ओळख करून देणारी, त्यांच्याच बोलीतली नावे वापरणारी आणि त्यांच्याच जिल्ह्यापुरती बेतलेली पुस्तके मात्र आपण पुरेशी केली नाहीत. ती जिल्ह्याजिल्ह्याने व्हायला हवीत आणि अंकलिपी किंवा लसीकरणाचे पत्रक जसे सार्वजनिक पैशातून घरोघर जाते तशीच पोचायला हवीत, असे माझे ठाम मत आहे.

हे म्हणताना आपल्या परंपरेला मी तसूभरही कमी लेखत नाही. दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्र’ने १९५६ मध्ये मराठी वाचकाला बारा महिन्यांकडे नव्याने पाहायला लावले. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘सत्तांतर’मध्ये वानरांच्या टोळीतला नेतृत्वाचा झगडा कोणतेही तात्पर्य न चिकटवता मांडला आणि १९८३ मध्ये त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कोल्हा लबाड, गाढव मूर्ख आणि सिंह न्यायी अशा बोधकथांवर पोसलेल्या भाषेत ही लहानसहान गोष्ट नव्हती. टोळीवर नवा नर आला की तो आधीच्या नराची पिल्ले मारतो, हे धारवाडच्या परिसरात सुगियामा या जपानी संशोधकाने साठच्या दशकात नोंदवले होते. तसले वास्तव कादंबरीत उतरवताना लेखकाने वानरांना माणसे केले नाही, हे त्या पुस्तकाचे मोठेपण मला आजही वाटते.

आणि मारुती चितमपल्ली. आमच्या भागातला माणूस त्यांच्याविषयी बोलू लागला की थांबत नाही, कारण पूर्व विदर्भातली नवेगावबांध आणि नागझिरा ही त्यांच्या पुस्तकांतली रानेही आहेत आणि आमच्या रोजच्या वाटेवरची ठिकाणेही आहेत. वनखात्यातली उभी नोकरी, २००६ मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, २०२५ मध्ये पद्मश्री आणि त्याच वर्षी जून महिन्यात निधन, हा त्यांचा प्रवास वाचकांना माहीत आहे. मला येथे त्यांच्या शब्दांविषयी बोलायचे आहे. कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ आणि बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’ म्हणावे, हे त्यांनी मराठीला दिले. ‘पक्षिकोशा’त त्यांनी एकेका पक्ष्याची निरनिराळ्या भाषांतली नावे शेजारी शेजारी मांडली. हे धन कोठून आले ते त्यांनी कधी लपवले नाही. नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार, तळ्यावर मासेमारी करणारे ढिवर आणि रानातले गोंड हे आपले गुरू आहेत, असे ते मोकळेपणाने लिहीत राहिले.

म्हणजे मराठीतील उत्तम निसर्गलेखनाचा मोठा भाग रानाकाठच्या, बहुधा शाळेत फारसे न गेलेल्या माणसांच्या ज्ञानावर उभा आहे. ते ज्ञान रानातून पुण्यामुंबईला गेले, तेथे त्याचे पुस्तक झाले, ते शहरातल्या घरांत वाचले गेले आणि वाचणारा दिवाळीच्या सुटीत जंगल पाहायला आमच्याकडे आला. ढिवराच्या नातवाच्या हाती मात्र त्या पुस्तकातून काही परत आले नाही. यात लेखकाचा दोष नाही. त्याने आपले काम चोख केले. पुढचे काम प्रकाशकांचे, ग्रंथालयांचे आणि शासनाचे होते, आणि ते झालेले नाही.

ओळख करून देणारी पुस्तके मराठीत अजिबात नाहीत असेही नाही. पक्ष्यांची, फुलपाखरांची, सापांची मार्गदर्शक पुस्तके अभ्यासू माणसांनी कष्टाने लिहिली आहेत. सलीम अलींचे भारतीय पक्ष्यांवरचे इंग्रजी पुस्तक १९४१ मध्ये आले आणि पक्षी बंदुकीवाचून, केवळ पाहून ओळखता येतो हे त्याने एका पिढीला पटवले. मराठीतले बरेचसे काम त्या वळणावर झाले आहे. अडचण अशी की ही पुस्तके सबंध राज्यासाठी किंवा सबंध देशासाठी असतात आणि रान असे राज्यभर एकसारखे नसते. रत्नागिरीच्या कातळावर फुरसे जागोजाग आढळते, म्हणून तेथील पुस्तकाचे पहिले पान फुरशाचे हवे; अंगावरचे खवले एकमेकांवर घासून ते करवतीसारखा आवाज कसा करते, ते त्या पानावर हवे. आमच्या पुस्तकाचे पहिले पान मण्यारीचे हवे, आणि दुसरे पान पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या पट्टेरी मण्यारीचे हवे, कारण राज्यात ती मुख्यतः पूर्व विदर्भातच दिसते. राज्यव्यापी पुस्तकात तिला दोन ओळी मिळतात, आणि राज्याच्या हिशेबाने ते बरोबरही आहे. पण आमच्या तालुक्याच्या हिशेबाने ते चुकते.

नावांचेही तसेच आहे. पुस्तकात ‘घोणस’ लिहिलेले असते. आमच्याकडे तिला परड म्हणतात. पुस्तकात ‘नीलगाय’ असते, शेतकऱ्याच्या तोंडी रोही असते. ज्याला पुस्तके भारद्वाज म्हणतात तो कोणाचा कुंभारकावळा आहे तर कोणाचा कुक्कुडकोंबा. प्रमाण नावाचा आग्रह धरणाऱ्यांचे म्हणणे मला समजते, कारण एका जिवाला दहा नावे असली की नोंदी जुळत नाहीत आणि चुका होतात. पण त्यासाठी शास्त्रीय नाव आहेच. ते जगभर एकच असते आणि तळाशी छापता येते. माथ्यावर मात्र वाचणाऱ्याच्या घरातले नाव असले पाहिजे. ज्याला ‘परड’ माहीत आहे आणि ‘घोणस’ माहीत नाही, त्याने घोणशीचे पान उलटून पुढे गेले तर ती चूक त्याची म्हणता येणार नाही.

नाव हे केवळ लेबल नसते, त्यात निरीक्षण साठवलेले असते. मृगाच्या तोंडावर ओरडणाऱ्या पावशाच्या सुरात इंग्रज साहेबाला ‘ब्रेन फीव्हर’ हे मेंदूतल्या तापाचे नाव ऐकू आले आणि आपल्या शेतकऱ्याला ‘पेर्ते व्हा’ ऐकू आले. पक्षी तोच, आवाजही तोच. ऐकणाऱ्याच्या डोक्यात त्या दिवसांत काय चालले होते ते मात्र नावात उतरले. उलट, नाव निष्काळजीपणे वापरले की निरीक्षणही बिघडते. शाळेतली मुले इंग्रजीतल्या ‘फॉक्स’चा अर्थ कोल्हा असा पाठ करतात. आपल्या शिवारातला कोल्हा हा वेगळा प्राणी आहे. ज्याला ‘फॉक्स’ म्हणावे त्याचे मराठी नाव खोकड आहे आणि ते आता मुलांच्या कानावरून जवळजवळ गेलेच आहे. वर्तमानपत्रांत वाघाच्या पिल्लांना ‘बछडे’ म्हणतात. हिंदीत बछडा म्हणजे गाईचे वासरू. पिल्लू हा साधा शब्द आपल्याकडे असताना वाघिणीला वासरे का व्हावीत, हा प्रश्न कोणत्याही संपादकाला पडत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे जिवाच्या प्रश्नाकडे येतो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला गेला. मरणारे बहुतेक जण खेड्यांतले होते. सर्पदंशाने होणारे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्र सरकारने २०२४ मध्ये जाहीर केला आहे. अशा आराखड्यात लस, डॉक्टर, रुग्णवाहिका यांचा विचार असतो आणि तो असलाच पाहिजे. पण रुग्णवाहिका बोलवायची हे घरातल्या माणसाला कळण्यासाठी त्याच्या डोक्यात आधीच काही असावे लागते, आणि ते पुस्तकाने घालता येते.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. आपल्याकडे मिळणारी सर्पदंशावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर मिळून एकच असते, त्यामुळे उपचारासाठी साप ओळखण्याची गरज नसते. साप शोधण्यात, मारण्यात आणि दवाखान्यात घेऊन जाण्यात मोलाचा वेळ जातो आणि कधीकधी दुसऱ्या माणसालाही दंश होतो. मेलेल्या सापाला हात लावणेही धोक्याचे असते; मुलाने बरणी आणली तेव्हा मी त्याला पहिली गोष्ट हीच सांगितली. मग ओळखीचे पुस्तक कशाला? मला वाटते, दंशानंतरच्या तासासाठी हे पुस्तक नाहीच, ते दंशाच्या आधीच्या वर्षांसाठी आहे. मण्यार रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दंश फारसा दुखत नाही, सूज येत नाही आणि दातांची खूण शोधूनही सापडत नाही. काही तासांनी पोटात दुखू लागते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता येईनासे होते आणि शेवटी श्वास अडतो. हे ज्याला माहीत नाही तो पोटदुखीला ओवा देतो, किंवा बाहेरचे काही लागले म्हणून मांत्रिकाकडे जातो, आणि ते तास निघून जातात. ज्याला माहीत आहे तो मच्छरदाणी गादीखाली नीट खोचतो आणि पहाटे पोराच्या पापण्या मिटताना दिसल्या की थेट दवाखान्याची वाट धरतो. शिवाय कवड्या, धामण, दिवड यांना ओळखणारा माणूस त्यांना मारत नाही. धामणीने शिवारातले उंदीर खाल्ले की धानाचे नुकसान कमी होते, हे शेतकऱ्याला मी सांगण्याची गरज नाही.

पश्चिम महाराष्ट्रात हीच गोष्ट बिबट्याच्या बाबतीत आहे. जुन्नर, अकोले या भागांत धरणाचे पाणी आले, त्यामागून ऊस आला आणि उसात बिबट्या राहू लागला. आज त्या उसात जन्मलेल्या बिबट्यांनी डोंगरातले जंगल पाहिलेलेही नसते. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भागात वर्षानुवर्षे काम करून दोन गोष्टी पुढे आणल्या. गावाशेजारच्या शेतात बिबटे कायमचे राहतात आणि त्यांच्या आहारात भटक्या कुत्र्यांचा मोठा वाटा असतो, ही पहिली. पकडलेले बिबटे दूर नेऊन सोडण्याची मोहीम २००१ च्या सुमारास सुरू झाल्यावर माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढले, ही दुसरी. हे इंग्रजी नियतकालिकांत छापून आले, वनखात्याच्या धोरणातही काही प्रमाणात उतरले. पण ज्या घराच्या मागच्या भिंतीला ऊस लागून आहे तेथे ते कोणत्या रूपात पोचले? वर्तमानपत्राच्या रूपात पोचले, आणि वर्तमानपत्रात ‘नरभक्षक’ आणि ‘धुमाकूळ’ हे दोन शब्द तयारच असतात. जिम कॉर्बेटने १९४४ च्या आपल्या पुस्तकात चंपावतच्या वाघिणीने ४३६ माणसे मारल्याचे लिहिले, पण ती मेल्यावर तिचा जबडा उघडून गोळीने तुटलेले सुळेही त्याने दाखवले आणि ती माणसांकडे का वळली ते सांगितले. बंदूक घेऊन गेलेल्या शिकाऱ्याला जो ‘का’ विचारावासा वाटला, तो आपल्या बातम्यांत अभावानेच दिसतो.

जुन्नरच्या घरासाठी जे पुस्तक हवे त्यात फार काही नको. अंधार पडल्यावर लहान मूल एकटे परसात जाऊ नये. उकिडवा बसलेला किंवा वाकलेला माणूस बिबट्याला उभ्या माणसासारखा दिसत नाही. शेळ्यांचा गोठा वरूनही बंद असावा. उकिरड्यावर कुत्री जमली की त्यांच्यामागे बिबट्या येतो. आणि तोडणीच्या वेळी सरीत पिल्ले सापडली तर त्यांना हात न लावता वनखात्याला कळवावे. वनखात्याच्या माणसांनी पिल्ले संध्याकाळी त्याच जागी ठेवली की बहुतेक वेळा रात्री आई येऊन त्यांना घेऊन जाते. ही शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची आहे आणि ती जिने वाचायची ती बाई जुन्नरची नाहीच. ती बीडहून आलेली ऊसतोड कामगार आहे. तिची कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, उसाच्या फडाच्या कडेला आहे, तिची पोरे पहाटे कोपीत झोपलेली असतात आणि कोयता चालवताना पिल्ले पहिल्यांदा तिलाच दिसतात. तिचे नाव कोणत्याही वाचनालयाच्या सभासदांच्या यादीत नाही. तिच्यापर्यंत पुस्तक पोचवायचे तर ते मुकादमाबरोबर, कारखान्याच्या गाडीबरोबर जावे लागेल, चित्रांचे असावे लागेल आणि वाचता न येणाऱ्यालाही कळावे लागेल. असे पुस्तक काढणे हे प्रकाशकाच्या धंद्यात बसत नाही. म्हणूनच हा प्रश्न सार्वजनिक आहे.

या पुस्तकांचा कच्चा माल आपल्याकडे आधीच जमा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही बंधनकारक केली. गावातली झाडे, पक्षी, मासे, जनावरे, त्यांची स्थानिक नावे, त्यांचे उपयोग आणि त्यांच्याविषयीचे जाणत्यांचे अनुभव गावाने स्वतः लिहून ठेवायचे, ही परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी नव्वदच्या दशकात मांडलेली कल्पना त्यामागे आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातल्यावर राज्यात हजारो नोंदवह्या भरल्या गेल्या. घाईत भरलेल्या नोंदवह्या कशा असतात ते मी पाहिले आहे. शेजारच्या गावाची यादी उतरवून काढलेली असते आणि डोंगर नसलेल्या गावात डोंगरी पक्षी उतरलेले असतात. पण काही नोंदवह्या मनापासून लिहिलेल्या आहेत. त्यांत कोणत्या तळ्यात कोणत्या महिन्यात कोणता मासा चढतो, मोहाला फळ कमी आले की अस्वल कोणत्या बाजूला सरकते, हे ज्याने सांगितले त्याच्या नावासह लिहिलेले आहे. या नोंदवह्या ग्रामपंचायतींच्या कपाटांत पडून आहेत आणि वाळवीला वाचता येत नाही म्हणून त्यांचा उपयोग तिला तेवढाच होतो जेवढा आपल्याला.

गोंदिया जिल्ह्यातल्या सारसांचे उदाहरण या जागी घ्यावेसे वाटते. माणसाच्या उंचीचा हा पक्षी पावसाळ्यात धानाच्या बांधीतच घरटे करतो, बहुधा दोन अंडी घालतो आणि महिनाभर नर-मादी आळीपाळीने ती उबवतात. घरट्याभोवतीचे धान तुडवले जाते, म्हणजे शेतकऱ्याचे नुकसान होते. तरीही जेथे शेतकऱ्याने तेवढा तुकडा मोकळा सोडला आणि कुत्र्यांकडे लक्ष ठेवले तेथे पिल्ले वाढली. राज्यात सारस फार थोडे उरले आहेत आणि जे आहेत ते या शेतकऱ्यांमुळे आहेत. त्या बांधीवर उभ्या असलेल्या माणसाला सारसाच्या दिनक्रमाविषयी जे माहीत आहे ते नोंदवहीतून पुस्तकात यायला हवे, अभ्यासकाने ते तपासायला हवे आणि पानाच्या तळाशी त्या शेतकऱ्याचे नाव छापायला हवे.

असे ज्ञान छापले तर शिकारी आणि तस्कर त्याचा उपयोग करतील, अशी भीती घातली जाते. ती निराधार नाही. खवले मांजर, घुबड, मांडूळ यांच्यामागे कोण लागते ते आम्ही जवळून पाहतो. म्हणून कोणत्या जिवाचे ठिकाण छापायचे नाही आणि कोणत्या झाडाचा औषधी उपयोग गावाच्या संमतीवाचून बाहेर द्यायचा नाही, हे संपादकाने ग्रामसभेबरोबर बसून ठरवले पाहिजे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा या गावाने अभ्यासगट चालवून गाव आपल्या ज्ञानाविषयी असे निर्णय किती जबाबदारीने घेऊ शकते ते दाखवून दिले आहे.

दुसरा आक्षेप तरुण मंडळी घेतात. हातात मोबाईल असताना पुस्तक कशाला, फोटो काढला की नाव येते, असे ते म्हणतात. नाव येते, हे खरे आहे. मीही त्याचा उपयोग करतो. पण ते नाव इंग्रजी असते किंवा शास्त्रीय असते, रेंज असेल तरच येते आणि फोटो काढण्यासाठी सापाच्या जवळ जावे लागते. आणि मोबाईलवर सापांविषयी जे सर्वाधिक पाहिले जाते ते साप हातात धरून मिरवण्याचे व्हिडिओ असतात. ते पाहून आमच्या भागातली मुले नागाच्या शेपटीला हात घालू लागली आहेत. पुस्तकाला लेखक असतो, संपादक असतो, चुकले तर कोणाला विचारायचे ते मुखपृष्ठावर छापलेले असते. ही जबाबदारी अजून तरी मला पडद्यावर सापडलेली नाही.

खर्चाचा मुद्दा मला फारसा अवघड वाटत नाही. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली राज्यात हजारो शासनमान्य वाचनालये आहेत, त्यांना अनुदान मिळते आणि त्यातून दरवर्षी पुस्तके घेतली जातात. विश्वकोश मंडळाने वाईला बसून वीस खंड सिद्ध केले, तेव्हा प्राण्यावनस्पतींच्या नोंदींसाठी मराठी नावे शोधण्याचे मोठे काम होऊन गेले आहे. तो पाया तयार आहे. प्रत्येक जिल्ह्यासाठी शंभर पानांचे, चांगल्या कागदावरचे, रंगीत चित्रांचे एक पुस्तक, दर पाच वर्षांनी सुधारलेले, प्रत्येक शाळेत, प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवले जावे, एवढीच ही मागणी आहे. पर्यटकांसाठी गुळगुळीत कागदावर व्याघ्रप्रकल्पांची पुस्तके निघतात. त्यांच्या शेजारी हेही निघू शकते.

चित्रांविषयी एक सांगायचे राहिले. ओळखीच्या पुस्तकात छायाचित्रापेक्षा चांगले रेखाचित्र अधिक उपयोगी पडते, असे माझे अनुभवाने मत झाले आहे. छायाचित्रात एकच साप, एकाच उजेडात, एकाच बाजूने दिसतो. जाणता चित्रकार मण्यार आणि कवड्या शेजारी शेजारी काढतो, पट्टे कोठून सुरू होतात तेथे बाण दाखवतो, पाठीचे खवले मोठे करून दाखवतो. आपल्या कलाशाळांतून दरवर्षी इतकी मुले बाहेर पडतात. त्यांतल्या काहींना हे काम द्यावे. जमल्यास त्याच जिल्ह्यातल्या मुलांना द्यावे, कारण त्यांनी तो साप चुलीमागे पाहिलेला असतो.

त्या मुलाच्या प्रश्नाला माझ्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हते. दुसऱ्या आठवड्यात आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंकडून मी चार विषारी सापांची आणि चार बिनविषारी सापांची चित्रे काढून घेतली, खाली पाच-पाच ओळी लिहिल्या आणि प्लॅस्टिक लावून तो मोठा कागद वाचनालयाच्या दाराशी चिकटवला. माणसे उभी राहून वाचतात. रोवणीवरून परतणाऱ्या बायका एकमेकींना वाचून दाखवतात. पंधरा दिवसांनी पाहिले तर मी लिहिलेल्या ‘घोणस’ या नावापुढे कोणीतरी बॉलपेनने ‘परड’ असे लिहिले होते, आणि त्याखाली वेगळ्या अक्षरात आणखी कोणीतरी लिहिले होते: ‘कुकरच्या शिट्टीसारखी फुसकारते, आवाज आला की थांबावे.’ नव्या कागदावर मी परड हे नाव वर घेतले आहे आणि ती ओळ जशीच्या तशी ठेवली आहे.